तीन नंबरची नाडी

दात घासताना मी एकदा मेलो होतो. निदान माझ्या डोक्यावरच्या पडद्याचं तसं मत होतं आणि नव्या डॉक्टरांनाही ते पटलं होतं.

नव्वदचं दशक निम्मं सरलेलं. मी पावण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होतो, वाशीला राहत होतो आणि आठवडाभर छातीत जे फडफडत होतं त्याला गॅस म्हणत होतो. रोज ओवा खात होतो. मग एका दुपारी हिरव्या रंगाच्या पिंपावर टेकलो तो उठेचना. लोकांनी उचलून वाशीतल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. दुसऱ्या मजल्यावर चार खाटांचं आयसीयू होतं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात, म्हणून ठोके मागेपुढे पडतात, असं निदान झालं. ओव्याचा त्यात काही उपयोग नव्हता.

छातीवर वायरी चिकटवल्या, डोक्यावरच्या पडद्यावर हिरवी रेघ पळायला लागली. खाटेवरून उतरायचं नाही, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तांब्या, चूळ टाकायला तसराळं आणि ब्रश दिला. दात घासण्याच्या बाबतीत मी पितळेची भांडी घासणाऱ्यांच्या पंथातला. बायको म्हणते, आवाज शेजारी ऐकू जातो. खिडकीकडे तोंड करून मी मनापासून कामाला लागलो.

एकाएकी टूं टूं टूं सुरू झालं. पावलं धावली. बिचाऱ्या कुणाला तरी काहीतरी झालं, असं मनात येऊन मी हळहळलो आणि हळहळीच्या भरात आणखी जोरात घासू लागलो. मान वळवली तर नवे डॉक्टर माझ्याच अंगावर येत होते. ते ओरडले, "तोंडाला फेस आलाय! शॉक! शॉकचं मशीन आणा!" पलीकडे दाराच्या गोल काचेला नाक लावून आमची ही उभी होती. काचेमागे तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

तेवढ्यात त्या गर्दीतून आदल्या दिवशी वायरी चिकटवून गेलेली ती ठेंगणी, जाडजूड, पांढऱ्या साडीतली बाई आली. तिने पडद्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. माझा डावा हात उचलला, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि आपल्या पुरुषी घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"कोनी हात लावाचा नाय," ती म्हणाली.

"सिस्टर, रिदम बघा! वेळ नाहीये!"

"मशीन बोलतं मेला. हात बोलतं जिता हाय. आता कोनाचा आयकू, डाक्टर?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, त्यो ब्रश खाली ठेव."

मी ब्रश खाली ठेवला. रेघ शहाण्यासारखी चालू लागली. हात जोरात हलला की वायरींनाही हिसका बसतो आणि पडद्यावर मरणासारखंच चित्र उमटतं, हे मला नंतर कळलं. डॉक्टर शॉकच्या दोन पट्ट्या हातात धरून तसेच उभे होते. ती मात्र हलली नाही. आख्खा मिनिट पुरा करून तिने माझा हात चादरीवर ठेवला, तोसुद्धा अगदी हळू, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा. "शानव," म्हणाली, म्हणजे शहाण्णव ठोके. "मागंपुढं हाय, पन हाय. चूल भर, त्यो फेस थूक."

या भोईर सिस्टर.

त्या घणसोलीच्या. गाव खाडीकाठचं, यांची भातशेती आणि मिठागर दोन्ही नव्या शहरात गेलेलं. सातवीनंतर नर्सिंगचा कोर्स केलेला, वय पन्नाशीला टेकलेलं, अंबाड्यात रोज एक अबोलीचं फूल. अहोजाहो त्यांच्या बोलीत फारसं नव्हतंच. डॉक्टर सोडले तर जग दादा आणि बाय या दोनच माणसांचं होतं. पहिल्या दिवशी वायरी चिकटवण्यासाठी माझ्या छातीवरचे केस काढताना त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या शेतावं प्लॉट पारलं, तसं तुज्या छातीवं पारतंय. हलू नको, नायतं हद्द चुकंल." चार चौकोन इतके काटेकोर निघाले की महिनाभर अंगात बनियन घातल्याशिवाय मी आरशासमोर गेलो नाही.

त्यांची कामाची एक रीत होती. ड्यूटीवर आल्या की पिशवी ठेवायच्या, हात धुवायच्या आणि एकेका खाटेपाशी जाऊन मनगट धरायच्या. पडदा प्रत्येकाच्या डोक्यावर होताच, त्यावर आकडाही लिहून यायचा. तो त्या शेवटी बघायच्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या पोरींना त्या म्हणायच्या, "ते नीट चालनाऱ्या मान्साचा झाला गं. याचा एक ठोका घाईत हाय नि एक पेंगतंय. याला आख्खा मिनिट देयाचा. मिनिटात कोन म्हातारी होत नाय."

दुसरी रीत होती दोघींनी मोजायची. एकीने छातीवर नळी लावून ठोके मोजायचे, त्याच मिनिटाला दुसरीने मनगटावर. एकदा दुसरी सिस्टर जागेवर नव्हती, तेव्हा भोईर सिस्टरांनी दार उघडून काचेमागच्या आमच्या सौभाग्यवतींना आत ओढलं. "ये बाय. नवऱ्याचा हात धर. लगनात धरलेला तसा नको, नीट धर." ही प्राथमिक शाळेत शिक्षिका, मोजायचं म्हटलं की तिला अंगात येतं. मिनिट संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "माजं एकशेदहा." ही म्हणाली, "माझे ब्याऐंशी. माझं चुकलं असेल."

"चुकला नाय. अठ्ठावीस वाटंत हरवलं. छातीत वाजलं, पन हातापरत पोचलं नाय. ते रिकामं ठोकं. औशदानी ते कमी करायचं, हीच आपली शेती."

हरवलेल्या ठोक्यांचा तो हिशोब मला त्या वेळी फार काव्यात्म वाटला. पडल्या पडल्या मी त्यावर चार ओळीही रचल्या. कारखान्याच्या दिवाळी अंकात माझं काहीतरी यायचं, त्यामुळे मी स्वतःला लेखक समजत असे. या समजुतीने पुढे काय केलं ते सांगायचं आहे.

चौथ्या दिवशी माझ्या समोरची, तीन नंबरची खाट रिकामी झाली. तिथले आजोबा बरे होऊन घरी गेले. चादर बदलली, उशी ठेवली. भोईर सिस्टर दुपारच्या ड्यूटीवर आल्या. एक नंबर, मिनिटभर. दोन नंबर म्हणजे मी, मिनिटभर. मग तीन नंबरपाशी गेल्या. रिकाम्या खाटेवर, जिथे माणसाचं डावं मनगट आलं असतं तिथे, चादरीवर त्यांनी दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. आख्खा मिनिट. मग चार नंबरकडे गेल्या.

मला वाटलं, सवयीने झालं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भरदुपारी, पंखा फिरत असताना, खालून भाजीवाल्याची हाळी येत असताना, एक धडधाकट बाई कापडाची नाडी बघतेय. माझ्या मानेवर काटा आला. आणि काटा आला की मी विनोद करतो. आमच्या घराण्याचा हा जुना आजार आहे.

"काय सिस्टर," मी म्हणालो, "उशीची तब्येत कशी आहे?"

त्यांनी मिनिट अर्धवट सोडला नाही. तो संपल्यावर माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. मी खरोखरच विचारलं आहे असं समजून त्यांनी उत्तर दिलं.

"लागत नाय," म्हणाल्या.

दवाखान्यातून सुटल्यावर आमच्या घरी एक शिरस्ता सुरू झाला, तो आजतागायत आहे. सकाळी ठोके आवरायची बारीक गोळी घेण्याआधी बायको माझं मनगट धरते आणि आख्खा मिनिट मोजते. साठाच्या खाली आले तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. गोळी जास्त होऊन भात पिवळा दिसायला लागला, अन्नावरची वासना गेली, तरी कळवायचं. हे सगळं सिस्टरांनी तिला शिकवलं, मला नाही. "याचा काय खरा नाय, हा ओवा खाईल," असं माझ्यासमोरच म्हणाल्या.

पुढे त्या महिन्या-दीड महिन्याने घरी यायला लागल्या. पिशवीत कधी तांदळाच्या भाकऱ्या, कधी करंदी, म्हणजे सुकी बारीक कोलंबी. चहा घेता घेता माझी नाडी बघायची, हिच्याशी शाळेच्या गप्पा मारायच्या, जायचं. असं वर्ष गेलं. मग एका रविवारी दुपारी त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि मला विचारलं, "दादा, तू साताऱ्याच्या बाजूचा ना?"

"हो. का?"

"मंग तुज्या भाषेत एक कागद लिवून दे. माज्या भाषेतला तिला कलायचा नाय."

आणि त्यांनी तीन नंबरची गोष्ट सांगितली.

मी तिथे पोचण्याच्या दीड-दोन वर्षं आधी त्या खाटेवर किसन नावाचा माथाडी होता. कांदा-बटाट्याच्या बाजारात गोणी वाहणारा, चाळिशीचा, छाती दारासारखी रुंद. ठोके मधूनच वेडेवाकडे व्हायचे म्हणून ठेवलेला. त्या दिवशी दुपारी वीज जात-येत होती, पंखे बंद, आणि तो घामाने निथळत होता. घामाने वायरी सुटायच्या. वायर सुटली की रेघ सपाट आणि टूं टूं. भोईर सिस्टर धावत यायच्या, बघायच्या तर वायर लोंबतेय. पुसायचं, जेली लावायची, चिकटवायची. किसन म्हणायचा, "काय सिस्टर, पुन्हा मेलो का म्या?" असं पाच वेळा झालं.

"सहाव्यानी रेग सपाट झाली," सिस्टर म्हणाल्या. "मी बोलले, आली पुना कटकट. मी धावले नाय. कपाटाशी गेले. जेलीची बाटली घेतली, कापूस घेतला. मंग त्याच्याशी गेले. वायर उचलायला हात घातला."

स्वयंपाकघराच्या दारात ही चिमटा हातात घेऊन उभी होती.

"वायर जागच्या जागी व्हती, दादा."

त्यानंतर त्यांनी सगळं केलं. छाती दाबली, डॉक्टरांना हाक मारली, शॉक दिले. किसन परत आला नाही. पुढे एकदा त्यांनी कपाटापर्यंत जाऊन परत यायला किती लागतं ते घड्याळ लावून मोजलं होतं. पाऊण मिनिट.

"डाक्टर बोलले, गेलाच असता. त्यांना कसा माहीत? मी आधी हात धरला असता तं मला माहीत झाला असता. त्याची बायको भायेर व्हती. तिला मी सांगितला, झोपेत गेला, बाय, कलला पन नाय. ती माज्या गल्यात परून रडली. मला बोलली, तुमी लय केलंत."

किसनची बायको हौसाबाई, तीही साताऱ्याकडचीच, कोपरखैरण्याला माथाड्यांच्या वसाहतीत राहायची आणि बाजारात लसूण निवडायला जायची. सिस्टर दोनदा तिच्या इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. पाय पुढे जात नव्हते. म्हणून कागद.

"तीनच वाक्यं लिव. मी आधी वायर बगली. हात नंतर धरला. मी तुला खोटा सांगितला. खाली माजा नाव, नि तू नेऊन दे. तिला काय शिव्या देयाच्या त्या देऊ दे. ती काय बोलते ते मला येऊन सांग. मंग मी तीन नंबरला हात लावाचा सोडीन."

मी म्हणालो, "सिस्टर, काळजी करू नका. आठ दिवसांत देतो."

त्या गेल्या आणि मी लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात त्यांची तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवली. वाचून बघितली. अगदीच उघडीबोडकी वाटली. एका विधवा बाईच्या हातात इतका रखरखीत कागद कसा द्यायचा? मी त्यात थोडी पार्श्वभूमी घातली. घामाचं वर्णन केलं. सिस्टरांच्या मनाच्या यातना घातल्या. 'काळाचा घाला' घातला, काढला, पुन्हा घातला. दुसरा खर्डा दोन पानी झाला, तिसरा चार. बायकोने वाचला आणि म्हणाली, "अहो, त्यांनी तीन वाक्यं सांगितली होती."

"अगं, पण ते कसं वाचलं जाईल याचा विचार नको का करायला?"

"त्या बाईंना वाचता येतं का?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता, म्हणून मला तिचा राग आला.

मग दुसरे विचार सुरू झाले. बाईने आरडाओरडा केला तर? वसाहतीतली माणसं नर्सिंग होमवर चालून गेली तर? सिस्टरांची नोकरी गेली तर? हे सगळं मी सिस्टरांच्या भल्यासाठी योजत होतो असं मला मनापासून वाटत होतं. गणपती गेले, दिवाळी गेली. दर भेटीत त्या विचारायच्या, "दिलास का रे, दादा?" मी म्हणायचो, "एक शब्द बसत नाहीये, सिस्टर. पुढच्या आठवड्यात नक्की." त्या मान हलवायच्या. मला लिहिण्यातलं कळतं, असा त्यांचा विश्वास होता. माझाही होता.

संक्रांतीला त्या आल्या तेव्हा जिना चढून दम लागला होता. तिळगूळ हातावर ठेवताना बायकोने त्यांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. घड्याळाकडे बघत उभी राहिली. शिकवलेलं होतं त्यांनीच.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमचेसुद्धा मागेपुढे पडतायत. मधला एक येतच नाही."

"मंग?" सिस्टर हसल्या. "दुसऱ्याचं मोजून मोजून माजं रागावलं असतील."

"दाखवून घ्या ना."

"घेते, बाय. आधी तुज्या नवऱ्याला सांग, कागद दे."

फेब्रुवारी संपता संपता शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. सकाळच्या ड्यूटीला निघताना साडीचा पदर खोवता खोवता भोईर सिस्टर दारातच बसल्या, आणि गेल्या.

आम्ही घणसोलीला पोचलो तेव्हा त्यांना ओसरीवर ठेवलं होतं. बायका रडत होत्या. अंबाड्यात अबोलीचं फूल होतं, त्यांनीच सकाळी माळलेलं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. आमची ही पुढे गेली, त्यांच्या डाव्या बाजूला बसली, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि स्वतःच्या घड्याळात बघू लागली. रडणाऱ्या बायकांपैकी एकीला वाटलं असावं, डॉक्टरीण आली. ती गप्प झाली. मग एकेक करून सगळ्याच गप्प झाल्या. आख्खा मिनिट त्या ओसरीवर नुसतं समोरच्या झाडावरच्या कावळ्यांचं ऐकू येत होतं. मिनिट संपल्यावर हिने हात चादरीवर ठेवला. हळू. दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.



त्यांच्या तेराव्यानंतरच्या रविवारी बायकोने माझ्या टेबलाचा खण उघडून सगळे खर्डे बाहेर काढले. "शर्ट घाला," म्हणाली. "कोपरखैरण्याला जायचंय."

हौसाबाईचं घर तळमजल्यावर होतं. एकच खोली, भिंतीवर किसनचा हार घातलेला फोटो, आणि सगळ्या घराला लसणाचा वास. बाई काटक होती, बोटांची नखं सोलून सोलून पिवळी पडलेली. आम्ही कुठून आलो, कशासाठी आलो ते मी सांगितलं. मुक्काम पोस्ट कोणतं, तालुका कोणता, हे तिने आधी विचारून घेतलं. मग पाण्याचे पेले ठेवले आणि समोर बसली.

मी घसा साफ करून चारपानी खर्डा वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यापाशी तिने हात वर केला.

"पाव्हणं, त्यो कागद ऱ्हाऊ द्या. काय झालं त्ये सांगा."

मी कागद खाली ठेवला. आणि मग मला ती तीन वाक्यं म्हणावी लागली. "त्यांनी आधी वायर बघितली. हात नंतर धरला. तुम्हाला झोपेत गेला म्हणून सांगितलं ते खोटं होतं." म्हणायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

हौसाबाई फोटोकडे बघत होती. मी आरडाओरड्याची वाट बघत होतो.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "दाराला काच हुती न्हवं? म्या काचंला डोळा लावूनच हुते. दिसभर बघत हुते. पाच येळा ती बाई पळत आली. सहाव्यांदा चालत गेली, कपाटाकडं. म्या काच वाजीवली बी. तिला ऐकू नाय गेलं, त्या मशीनचाच कालवा हुता."

तिने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"लय राग आला. मग म्हणलं, पाच येळा पळाली ती कुणापायी पळाली? माझ्या मालकापायीच की. तिनं येऊन सांगितलं आस्तं तर म्या भांडले आस्ते. घरातनं हाकलली आस्ती. आन मग पुन्हा बोलावली आस्ती. म्या वाट बघितली हो तिची. कोपऱ्यावर येऊन हुबी ऱ्हायलेली बी बघितलीय एकदा, पांढऱ्या साडीत. म्या आपली दारात हुबी, ती तिथं हुबी. मग गेली."

तिने पदराने तोंड पुसलं आणि एकदम उठली. चुलीपाशी जाऊन चहाचं पातेलं काढलं.

"बोलवा तिला," पाठमोरीच म्हणाली. "बाहिर हाय का? तिला म्हणावं, भितीयास कशाला, आत ये."

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. ती उठली, हौसाबाईच्या जवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिने सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. हातातलं पातेलं हौसाबाईने फार वेळ धरून ठेवलं होतं, एवढं आठवतं.

ते नर्सिंग होम आता नाही. त्या मजल्यावर तयार कपड्यांचं दुकान झालं आहे. मध्यंतरी मी तिथे पँट घ्यायला गेलो. कपडे घालून बघायची खोली नेमकी तीन नंबरच्या जागी आहे. पडदा ओढला, आरशासमोर उभा राहिलो, आणि पँट न बघताच बाहेर आलो. पोऱ्याला वाटलं, माप लहान झालं. तो मोठं माप घेऊन माझ्यामागे जिन्यापर्यंत आला.

पण सांगत होतो ते त्या रविवारचं. हौसाबाईच्या घरून निघालो आणि बसस्टॉपवर बाकड्यावर टेकलो. छातीत पुन्हा फडफड सुरू झाली होती. बायकोला ती दिसली असावी. तिने न विचारता माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ वळवून धरलं. समोरून आमची बस गेली. तिने बघितलं नाही.

मी बोलत होतो. काहीतरी बोलावंसं वाटत होतं. "पहिलाच खर्डा द्यायला हवा होता गं," मी म्हणालो. "त्या आल्या त्याच आठवड्यात. त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. मी उगाच..."

ती मोजत होती. आख्खा मिनिट झाला, तेव्हा तिने माझा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"वायर जागच्या जागीच होती हो," ती म्हणाली.